पाण्याची बाटली सोबत आणावी

सव्वासहाला जमतो आम्ही, दादऱ्याखाली.
आठनंतर भुसावळ कुणाला बोलू देत नाही.
आज नऊ जण. दोघं जळगावचे, झोपे बाई नेहमीच्या,
आणि एक गृहस्थ, मुलाला गाडीत बसवून परत निघालेले,
नाशिकला, तोफखान्यात, पहिल्यांदाच.
म्हणाले, मीही येऊ का? घरी जाऊन तरी काय करू.

मी नेहमीचंच सांगतो:
भिंत काळ्या पाषाणाची, कमानी विटेच्या,
सांध्यात चुना, चुन्यात वाळू तापीची.
या हौदावर इंजिनं पाणी प्यायची
घशातून आवाज करत, नांगर सुटलेल्या बैलांसारखी.
ही शेड. इथे भाऊ बॉयलरच्या पोटात शिरून
पपडी ठोकायचे आणि घरी आले तरी
आत असल्यासारखे मोठ्याने बोलायचे.
हे मी सांगत नाही. सांगतो ते एवढंच,
या खांबाला हात लावून बघा.
लावतात. हात काळा होतो.
वाफ कधीच रिटायर झाली,
काजळी अजून ड्युटीवर.

मग युद्ध.
युद्ध म्हटलं की सगळे दोन पावलं जवळ सरकतात.
इथून गाड्या जायच्या, शटरं पाडलेल्या,
आत कोण, कुठले, तिकीटबाबूलाही विचारायची सोय नव्हती.
पूर्वेकडे जाताना भरलेल्या. येताना—
इथे मी थांबतो. ही थांबायची जागा
मी ठरवून ठेवलेली आहे.
झोपे बाईंनी विचारलं, बॉम्ब पडला होता का हो?
नाही. बॉम्ब पडला नाही.
जळगावच्या दोघांचे चेहरे तेवढे पडले.

बॉम्ब न पडलेल्या गावाचं युद्ध
दाखवायचं कसं, हा माझा जुना घोर.
भोंगा होता, भंगारात गेला.
खंदक होते, बुजवले, त्यांवर निंब लावले.
ती रांग बघा, नागमोडी.
माळ्याला सरळ लावता येत नव्हतं असं नाही.

आणि हे क्वार्टर. मंगळुरी कौलं, लाकडी जाळी,
पूर्वेच्या खिडकीला आठ तावदानं,
सात स्वच्छ, एक काळं.
डांबर असेल, नाहीतर काजळ आणि जवसाचं तेल.
उजेडाची रेघ बाहेर दिसली तर दंड, असा तो काळ.
पुढे हुकूम उठला, सगळ्यांनी काचा खरवडल्या.
ही एक राहिली. विसरून, असं मी
चार वर्षं सांगत आलो आहे.

आज दार उघडलं.
वैजंता फालक, हात पिठाचे.
"इसरून नाही भाऊ, ठेवेल हाये ती.
आम्ही आलो तव्हा तडवी वहिनी सांगून गेल्या,
किल्ली घे अन् त्या काचेले हात लावू नको,
पोराची खाट तेथंच मांडजो.
त्याइले त्याच्याआधीची गार्डसाहेबाची बाई सांगून गेल्ती.
उन्हायात सकायचं ऊन तेथूनच येते ना, डोयावर."

मी कागद घडी करून खिशात ठेवला.
कुणी काही विचारलं नाही.
त्या गृहस्थांकडे बाटली नव्हती, ते कुठे
आमच्या यादीत होते.
वैजंताने माठातून तांब्या भरून दिला.
ते उभ्यानेच प्याले, मग घड्याळ पाहिलं.
"पाचोरा गेलं असेल," म्हणाले, कुणालाच नाही.

ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं.
खिडकीशी आलं, सात चौकटींतून आत गेलं,
आठवीपाशी अडलं.
खाटेवर तिची पोर झोपलेली,
तोंडावर तेवढी सावली, वहीच्या पानाएवढी,
आणि एक हात, मूठ उघडी,
बाहेर उन्हात.